साउथ पार्क स्ट्रीटची थडगी वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात चार दिवस कोलकात्यात आहात, साउथ पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी पाहायची आहे, आणि नुसते फोटो काढून परत न येता तिथल्या पाच-सहा माणसांची चरित्रं लिहायची आहेत. सुरुवात कुठून करावी आणि थडग्यावर जे कोरलेलं असतं ते कितपत खरं मानावं?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. थडग्यावरचा मजकूर सहसा मेलेल्या माणसाचा नसतो, पैसे मोजणाऱ्याचा असतो. तो मोजणारा कधी विधवा असते, कधी भाऊ, कधी पलटणीतले मित्र, तर कधी शंभरेक वर्षांनी उगवलेला कुणी चाहता. म्हणून प्रत्येक दगडापुढे मी तीन गोष्टी विचारतो. हा कुणी बसवला? कधी बसवला? आणि ज्याचं नाव आहे तो खरोखर याच्याखाली आहे का? तिसरा प्रश्न वेडगळ वाटेल, पण वॉल्टर डिकन्सपाशी पोचलात की तो मी का विचारतो ते कळेल.

जागेबद्दल थोडं. ही दफनभूमी १७६७ साली सुरू झाली, तेव्हा ती वस्तीपासून बरीच लांब होती. पार्क स्ट्रीट हे नाव नंतरचं. त्या रस्त्याला बरिअल ग्राउंड रोड म्हणत. पुढे न्यायाधीश एलिजा इम्पे याच्या हरणांच्या बागेवरून 'पार्क' आलं. १७९० च्या सुमारास जागा भरली म्हणून कागदोपत्री बंद केली, तरी पुढची चाळीसेक वर्षं माणसं इथे येतच राहिली. आत शिरल्यावर पिरॅमिड, स्तंभ, घुमट, ग्रीक देवळांसारखे मंडप असं काहीबाही दिसतं आणि नवखा माणूस त्याला संगमरवर समजतो. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगड कुठला? हे सगळं विटांचं काम आहे, वर चुन्याचा गिलावा. दगड असतो तो फक्त नावाच्या पाटीचा, आणि तीच नेमकी चोरीला जाते किंवा फुटते. म्हणून दुमजली घराएवढ्या थडग्यावरही नाव नसतं, आणि अशी थडगी तिथे पुष्कळ आहेत.

आता माणसांकडे वळू. रोझ एल्मरपासून सुरुवात करा, कारण तिच्याइतकं चांगलं उदाहरण शिकायला मिळत नाही. पिळाच्या खांबासारखं थडगं आहे, सापडायला सोपं. मुलगी वीस वर्षांची. सर हेन्री रसेल हा न्यायाधीश, त्याच्या बायकोकडे, म्हणजे आपल्या मावशीकडे, ती कोलकात्याला आली आणि मार्च १८०० मध्ये गेली. थडग्यावर एक इंग्रजी कविता आहे, वॉल्टर सॅव्हेज लँडर या कवीची. वेल्समध्ये दोघांची ओळख झाली होती. तिनं त्याला वाचनालयातलं एक पुस्तक दिलं होतं एवढाच काय तो ठोस पुरावा, बाकी प्रेमकहाणी लोकांनी रंगवलेली. पण कविता छापून आली १८०६ साली. म्हणजे १८०० मध्ये शोक करणाऱ्या घरच्यांनी ती कोरून घेतलेली असणं शक्य नाही. ती पुष्कळ नंतर, कविता प्रसिद्ध झाल्यावर लावलेली आहे. आज पर्यटक रोझच्या थडग्यावर जे वाचतो ते तिच्या मावशीचं दुःख नाही, कवितेच्या वाचकांची भक्ती आहे. दोन्हीला किंमत आहे, फक्त गल्लत करू नका.

तिच्या मृत्यूचं कारण वकील विल्यम हिकी याच्या आठवणींत सापडतं: अननस फार खाल्ले आणि पोट बिघडलं. त्या काळी कॉलरा, हगवण, सगळ्याचं खापर फळांवर फोडत, तेव्हा हे निदान म्हणून घेऊ नका. त्या घरात आणि त्या शहरात लोक काय बोलत होते एवढंच त्यातून घ्या. जाता जाता: हा हिकी वेगळा आणि १७८० मध्ये 'बेंगाल गॅझेट' काढणारा जेम्स ऑगस्टस हिकी वेगळा. छापील लेखांतसुद्धा या दोघांना एक केलेलं मी पाहिलं आहे.

आता वॉल्टर लँडर डिकन्स. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा हा मुलगा. १८४१ सालचा जन्म, आणि नाव ठेवलं कुणाचं, तर रोझवर कविता करणाऱ्या त्याच लँडरचं. लष्करात लेफ्टनंट होता, कर्जात बुडाला होता, ३१ डिसेंबर १८६३ ला कोलकात्याच्या लष्करी इस्पितळात धमनी फुटून वारला. वय बावीस. बातमी बापाला मिळाली ती ७ फेब्रुवारीला, त्याच्या स्वतःच्या वाढदिवशी. मागोमाग मुलाच्या देण्यांचे कागद आले. वॉल्टरचा दगड आज तुम्हाला साउथ पार्क स्ट्रीटमध्ये दिसेल, पण वॉल्टर तिथे नाही. त्याला पुरलं भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत. दगड १९८७ साली तिथून उचलून इकडे आणला, हाडं तिकडेच राहिली. ज्या कवीचं नाव त्याला मिळालं, त्याच कवीच्या ओळी कोरलेल्या आवारात त्याचा दगड येऊन पडला, हा योगायोग इतका सुबक आहे की लेखकाला मोह होतो 'दोघं शेजारी विसावले' असं लिहायचा. लिहू नका, ते खोटं आहे.

उलट गोष्ट कर्नल रॉबर्ट किडची. नदीपलीकडे शिवपूरचं वनस्पती उद्यान १७८७ मध्ये याच्या खटपटीनं सुरू झालं. माणूस लष्करातला, पण जीव झाडांत. मृत्युपत्रात त्यानं मागितलं होतं की मला माझ्या बागेतच पुरा. १७९३ मध्ये तो गेला आणि त्याला पुरलं साउथ पार्क स्ट्रीटमध्ये. बागेत त्याच्या नावानं संगमरवरी कलश उभा आहे. म्हणजे जिथे व्हायचं होतं तिथे नुसतं स्मारक, आणि नको होतं तिथे देह. थडग्यासमोर जन्मभर उभे राहिलात तरी यातलं काही कळणार नाही, ते मृत्युपत्रातच कळतं.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. कंपनीच्या काळातल्या कोलकात्यात माणूस मेला की चार कागद तयार होत. पाद्र्याच्या वहीतली दफनाची नोंद, मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, आणि वर्तमानपत्रातली लिलावाची जाहिरात. दगडावर सद्गुण असतात, कागदांवर देणेकरी आणि घेणेकरी. चरित्र लिहायचं तर दुसरी बाजू जास्त उपयोगी. मालमत्तेची यादी मला सगळ्यांत प्रिय. किती खुर्च्या, किती मद्याच्या बाटल्या, किती सदरे, आणि लिलावात ते कुणी घेतले, सगळं असतं तिच्यात. मेलेल्याचे सदरे मित्र विकत घेतात, कारण विलायतेहून नवे यायला सहा महिने लागतात.

शिवाय बायका. थडग्यांवर इंग्रज बायका भरपूर दिसतील, बहुतेक बाळंतपणात गेलेल्या किंवा पाठोपाठ तान्ही मुलं गमावलेल्या. पण कंपनीच्या कितीतरी नोकरांच्या घरी देशी किंवा मिश्र वंशाच्या स्त्रिया होत्या, मुलं होती. त्यांचा दगडावर उल्लेख नसतो, मृत्युपत्रात असतो. रिचमंड थॅकरेचंच बघा. कादंबरीकार थॅकरेचा हा बाप, कोलकात्यात १८१५ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रात लग्नाच्या बायकोखेरीज शार्लट सोफिया रड नावाची स्त्री आणि तिच्यापासून झालेली मुलगी सारा रेडफील्ड यांची तरतूद आहे. कादंबरीकाराची ही सावत्र बहीण. ती १८०४ मध्ये जन्मली आणि जन्मभर बंगालातच राहिली. हा मृत्युपत्राचा कागद नसता तर ती कुणाला माहीतच नसती.

रिचमंडचं थडगं शोधायला मात्र जाऊ नका. तो रस्त्याच्या पलीकडे, नॉर्थ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत होता, आणि ती १९५३ मध्ये पाडली. आज तिथे शाळा आणि इस्पितळ आहे. पण त्याच्या घरातली दुसरी हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याची बायको अ‍ॅन हिचं लग्नाआधी विलायतेत एका लष्करी अधिकाऱ्यावर प्रेम होतं. आजीला ते पसंत नव्हतं. तिनं नातीला सांगितलं, तो तापानं मेला. नात हिंदुस्थानात आली, रिचमंडशी लग्न झालं, मुलगा झाला. मग एक दिवस नवऱ्यानं नव्या ओळखीच्या एका पाहुण्याला जेवायला घरी आणलं, आणि दारात उभा तो 'मेलेला' माणूस. रिचमंडच्या पश्चात दीड वर्षानं तिनं त्याच्याशी लग्न केलं. अशी गोष्ट कोणता दगड सांगेल?

सांगणारा एक दगड आहे, तो अपवाद म्हणून बघाच. साउथ पार्क स्ट्रीटमध्ये नाही, सेंट जॉन्स चर्चच्या आवारात. फ्रान्सिस जॉन्सन, शहरभर 'बेगम जॉन्सन'. जन्म १७२५, मृत्यू १८१२, नवरे चार. तिच्या थडग्यावर चौघांचीही नावं क्रमानं आहेत, मुलांचा हिशेब आहे, कोण केव्हा मेलं तेही आहे. दुसरा नवरा लग्नानंतर काही दिवसांतच देवी येऊन गेला. तिसरा विल्यम वॉट्स, कासिमबाजारच्या वखारीचा प्रमुख. १७५६ मध्ये सिराजुद्दौलानं ती वखार घेतली तेव्हा ही मुलांसह नवाबाच्या जनान्यात आश्रयाला होती. पुढची पन्नास वर्षं पत्त्यांच्या डावावर ती हेच किस्से रंगवून सांगायची, म्हणून 'बेगम'. तिच्या मुलीचा मुलगा लॉर्ड लिव्हरपूल, ती गेली त्याच वर्षी इंग्लंडचा पंतप्रधान झाला. एवढं सगळं असूनही दगड चौथ्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट गिळतो. या पाद्रीबुवांना तिनं वर्षासन बांधून देऊन विलायतेला रवाना केलं, ते परत आले नाहीत आणि तिचं काही अडलं नाही.

त्याच आवारात जॉब चार्नॉकचा घुमट आहे, कोलकात्यातल्या कंपनीच्या वसाहतीची सुरुवात करणारा तो. इथे तारखांचा धडा घ्या. दगडावर मृत्यूची तारीख १० जानेवारी १६९२ आहे. आपल्या हिशेबानं ते १६९३ होतं, कारण १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे, आपल्या पाडव्यासारखंच म्हणा ना. त्याच दगडावर थोरली मुलगी मेरी हिचं साल १६९६-७ असं दुहेरी कोरलंय, तेवढ्यावरून हा घोळ लक्षात येतो. जानेवारी ते मार्चमधली १७५२ पूर्वीची कोणतीही इंग्रजी तारीख दिसली की थांबा. मुलीचं नाव आहे, पण तिच्या आईचं नाही. चार्नॉकची बायको इथलीच होती, त्यानं तिला सती जाताना सोडवली अशी दंतकथाही आहे. दगड तिच्याबद्दल गप्प आहे, दंतकथा फार बोलते. तुम्ही दोन्हीही लिहा, पण कोण काय म्हणतं ते नीट वेगळं ठेवून. या दगडाचा दुसरा मान असा की ज्या प्रकारच्या पाषाणाची ती पाटी आहे त्याला भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यानं चार्नॉकवरूनच 'चार्नोकाइट' नाव दिलं. तो पाषाण मद्रासकडून आणलेला. बंगालात दगड नाही म्हटलं ते आठवलं ना?

तारखेवरून चालणारं भांडण बघायचं असेल तर आर्मेनियन चर्चमध्ये जा. रेझाबीबी नावाच्या स्त्रीचा दगड आहे, त्यावरची तारीख ११ जुलै १६३० अशी वाचली गेली. खरी असेल तर चार्नॉकच्या साठ वर्षं आधी इथे आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती होती. अभ्यासकांत यावर एकमत नाही. माझं मत विचाराल तर एका दगडावर एवढी मोठी वस्ती उभी करू नये, पण दगड मात्र अवश्य पाहावा.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टबद्दल तुम्ही वेगळं विचारलंत. 'हिंदू स्टुअर्ट'. १८२८ मध्ये वारला. त्याचं थडगं ख्रिस्ती दफनभूमीत देवळासारखं बांधलंय, दाराची चौकट कोरीव. रोज गंगेवर स्नानाला चालत जायचा, मूर्ती जमवायचा, गोऱ्या बायकांनी साडी नेसावी म्हणून लिहायचा. बरोबर मूर्तीही पुरल्या असं सांगतात. मग तो हिंदू झाला होता का? पुरला ख्रिस्ती भूमीत, आणि थडग्याच्या आकाराखेरीज यावर साक्षीदार नाही. मला तरी 'झाला' किंवा 'नाही झाला' यापेक्षा त्यानं दोन्ही दारं उघडी ठेवली हेच लिहावंसं वाटतं. त्याच्या प्रेमाची दुसरी बाजूही सोडू नका. त्यानं जमवलेल्या मूर्ती लिलावात गेल्या आणि १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पोचल्या. त्या कुठल्या देवळांतून आल्या होत्या, हा प्रश्न त्याच्या चरित्रातच येतो.

सर विल्यम जोन्स आणि डेरोझिओ यांच्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी घाईत पुढे जातो. सगळ्यांत उंच सुळका दिसेल तो जोन्सचा. १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढणारा आणि शाकुंतल इंग्रजीत नेणारा हा न्यायाधीश. एप्रिल १७९४ मध्ये तो गेला तेव्हा आजारी बायको काही महिने आधीच विलायतेला परतली होती, घरात एकटाच होता. थडग्यावरचा मजकूर त्यानं स्वतः लिहून ठेवलेला, मृत्यूनंतर कागदांत सापडला. डेरोझिओ हिंदू कॉलेजातला पोरसवदा मास्तर. एप्रिल १८३१ मध्ये नोकरी सोडावी लागली आणि डिसेंबरात कॉलऱ्यानं गेला, बावीस वर्षांचा. वॉल्टर डिकन्सही बावीसचा आणि रोझ वीसची. या आवारात दोन तास फिरलात की हे आकडे अंगावर येतात.

वाचण्याचं तंत्र. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं असलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी जावं लागलं तर आरसा किंवा टॉर्च पाटीच्या बाजूनं धरा. खडू, पीठ, तारेचा ब्रश यांतलं काही दगडाला लावायचं नाही. शेवाळ खरवडलं तर अक्षरही जातं. ओळी जशा तुटल्यात तशाच उतरवा आणि न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजानं भरू नका. मी सुरुवातीला भरायचो. एका पाटीवर वय २१ वर्षं वाचलं आणि 'ऐन तारुण्यात' वगैरे परिच्छेद लिहून मोकळा झालो. दफनाच्या वहीत निघाले २१ दिवस. वर्षं की दिवस हे सांगणारं एकच अक्षर झिजलेलं होतं.

शब्दही फसवतात. 'रायटर' म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा सर्वांत खालचा कारकून. 'रिलिक्ट' म्हणजे विधवा. 'नॅचरल सन' म्हणजे लग्नाबाहेरचा मुलगा. लॅटिनमधलं 'ओबिट' म्हणजे वारला, 'एटाटिस' म्हणजे वयाच्या.

पाटी गेलेली असेल तर १८४८ मध्ये कोलकात्याच्या होम्स कंपनीनं छापलेला 'बेंगाल ऑबिच्युअरी' काढा. तेव्हा शाबूत असलेले लेख त्यात उतरवलेले आहेत. दफनाच्या वह्यांच्या प्रती दरवर्षी लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बंगाल इलाख्याच्या नोंदी आंतरजालावर नावानं शोधता येतात. मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्याही तिथेच. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'बाक्सा' या संस्थेनं दक्षिण आशियातल्या युरोपीय थडग्यांच्या याद्या केल्या आहेत, त्यांचा फार उपयोग होतो. माझा सल्ला असा की जाण्याआधी घरी बसून दहा नावांचे कागद काढा. मग तिथे दगड शोधा. उलट क्रमानं गेलात तर सुंदर थडगी निवडाल, आणि सुंदर थडगं म्हणजे फक्त श्रीमंत वारस.

शेवटचा दिवस लोअर सर्क्युलर रोडच्या दफनभूमीसाठी ठेवा. वाटेत एक गंमत: हा सर्क्युलर रोड बऱ्याच अंशी मराठा खंदकाच्या रेषेवर आहे. १७४२ मध्ये भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीनं कोलकातेकरांनी तो खणायला घेतला, स्वार आले नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून रस्ता झाला.

तिथे मायकेल मधुसूदन दत्त आहे. १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला, इंग्रजी कवी व्हायला निघाला आणि बंगालीतला महाकवी होऊन राहिला. २९ जून १८७३ ला इस्पितळात, कफल्लक अवस्थेत गेला. कबरीवर दगड यायला कित्येक वर्षं लागली. त्यावरच्या बंगाली ओळी त्याच्या स्वतःच्या आहेत. वाटसरूला थांब म्हणतो, बंगालात जन्मला असशील तर क्षणभर थांब. मग कपोताक्ष नदीकाठचं सागरदाडी गाव सांगतो, बाप राजनारायण आणि आई जाह्नवी सांगतो. जोन्ससारखा हाही स्वतःच्या हातचा मजकूर, म्हणजे इथे पैसे मोजणाऱ्याला बोल लावता येत नाही. तरी त्यात मद्रासेत मुलांसह मागे राहिलेली पहिली बायको रिबेका नाही, आणि पुढे शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेली हेन्रिएटाही नाही. ती त्याच्या तीन दिवस आधी, २६ जूनला गेली आणि त्याच्या शेजारीच पुरलेली आहे. त्याच्या ओळी वाचून झाल्या की तिच्या बाजूला जाऊन उभे राहा. तुमच्या पाच-सहा चरित्रांत मी तिचं पहिलं घेतलं असतं.